चार नंबरची मादी: पहिलारू सशांच्या एका वेताची हकीकत

२०२४च्या भाऊबीजेला माहेरी गेले, तर ओवाळायच्या आधीच भावजय मला हाताला धरून गोठ्यामागं घेऊन गेली. आमचं गाव वाई तालुक्यात, धोम धरणाच्या वरच्या अंगाला. गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भावानं त्याच वर्षी सशांचे पिंजरे मांडले होते. चार माद्या, एक नर. माद्यांचं हे पहिलंच वर्ष होतं, आणि भावजयीचंही. मी फलटणकडं ससे पाळते, म्हणून तिनं मलाच विचारलं.

"आक्का, ही चार नंबर पिल्लं खाते. हिला विकून टाकू का?"

लक्ष्मीपूजनाच्या रात्री चार नंबर व्याली होती. सकाळी सात पिल्लं मेलेली सापडली. पाच जाळीवर पडलेली, दोन पेटीत. तिघांचे कान नाहीत, एकाचा पाय नाही. भावानं तोवर ती पुरून टाकली होती, पण भावजयीनं फोनवर फोटो काढून ठेवले होते. ते फोटो नसते तर मीही कदाचित "खोडी लागलीय, काढून टाक" असं म्हणून मोकळी झाले असते, आणि एक चांगली मादी हातची गेली असती.

फोटोत दोन गोष्टी दिसल्या. पहिली, पिल्लांची पोटं. सशाचं पिल्लू जन्मतं तेव्हा उघडं, गुलाबी, डोळे आणि कान मिटलेले असतात. कातडी इतकी पातळ की दूध प्यायलेलं असेल तर पोटात पांढरा गोळा आरपार दिसतो. या सातांपैकी एकाच्याही पोटात पांढरं काही नव्हतं. म्हणजे एकानंही दूध प्यायलेलं नव्हतं. दुसरी, जखमा. जिवंत अंगाला चावलं तर रक्त येतं. इथं कान गेलेल्या जागी रक्त जवळजवळ नव्हतंच. पिल्लं आधी गारठून मेली होती, आणि मग आईनं त्यांना कुरतडलं होतं.

हे का होतं, ते भावजयीला सांगितलं. सशी व्याली की पिल्लाला चाटते, नाळ तोडते, वार खाऊन टाकते. हलणारं, चुळबुळणारं पिल्लू असेल तर ती वारेपाशी थांबते. पिल्लू गार आणि निपचित असेल, त्यात ती घाबरलेली किंवा तहानलेली असेल, तर तिला वार कुठं संपली आणि पिल्लू कुठं सुरू झालं याचं भान राहत नाही. पहिल्या वेताच्या मादीला तर कशाचाच अनुभव नसतो. ती खुनी नव्हती, अर्ध्या रात्री एकटी पडलेली पहिलारू होती.

मग पिंजऱ्याकडं वळलो, आणि एकेक गोष्ट बाहेर यायला लागली.

पेटी पत्र्याची होती, डब्याला कापून केलेली. ती पिंजऱ्यात पहिल्या दिवसापासून ठेवलेली होती. भावजयीचा हेतू चांगला, मादीला सवय व्हावी. पण सशाला कोपऱ्यातली बंदिस्त जागा मिळाली की तो तिथंच लेंड्या टाकतो आणि मुततो. महिनाभरात पेटीचं संडास झालं. व्यायच्या आदल्या सकाळी भावजयीनं ती घाण पाहून धुतली आणि ओलसरच परत ठेवली, आत गोणपाटाचे तुकडे घातले. त्याच रात्री अंगणात फटाके. पिंजऱ्याच्या हातभर अंतरावर कुत्रा बांधलेला, आणि तो फटाक्यांना भिऊन रात्रभर साखळी ओढत होता. पाण्याचं भांडं संध्याकाळी उलटलेलं, ते सकाळपर्यंत तसंच. गार पत्रा, ओली पेटी, दोरे निघणारं गोणपाट, धडाधड आवाज, कुत्रा, तहान. यातलं एखादं असतं तर ती कदाचित निभावून गेली असती.

आईचं मत वेगळं होतं. ती ओट्यावरूनच म्हणाली, "पिल्लांना माणसाचा हात लागला असणार. सशी लगेच टाकते." हे मी सगळीकडं ऐकते. पाळलेल्या सशांत ते खरं नाही. मादी तुम्हाला ओळखत असेल, हाताला अत्तर, साबण, कुत्र्या-मांजराचा वास नसेल, तर ती पिल्लं टाकत नाही. उलट रोज हात घालून पाहिलं नाही तर पिल्लं मरतात. मी हात धुऊन त्या मादीच्याच पेंढ्यात घोळते आणि मग पेटीत घालते.

आणखी एक गोष्ट आईला पटली, कारण तिनं रानातला ससा पाहिला होता. रानातल्या सशाचं पिल्लू अंगावर केस, डोळे उघडे घेऊनच जन्मतं आणि झुडपाच्या आडोशाला उघड्यावर बसून राहतं. आपल्या भाषेत दोघांनाही ससा म्हणतात, पण पिंजऱ्यातला ससा हा मुळात स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा प्राणी. आपल्या रानसशाशी त्याचा संकरही होत नाही. (रानातला पकडून पाळणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे भावाला वेगळं सांगावं लागलं. शेतात सापडलेलं एक पिल्लू त्यानं आणून ठेवायचं म्हटलं होतं.) बिळातली सशी पिल्लांसाठी वेगळं बीळ खणते, आत गवत आणि स्वतःचे केस अंथरते, आणि दूध पाजून झालं की तोंड मातीनं बुजवून निघून जाते. दिवसातून एकदाच येते, तीन-चार मिनिटं पाजते, परत जाते. जवळ बसून राहिली तर कोल्ह्या-मुंगसाला वासानं पत्ता लागेल, म्हणून ती लांब राहते.

भावजयीची पुढची सगळी धास्ती या एका गोष्टीनं कमी होणार होती. कोंबडीसारखी ती पिल्लांवर बसत नाही. गाईसारखी वासराला हुंगत उभी राहत नाही. दिवसभर पेटीकडं ढुंकूनही न बघणारी सशी ही चांगली आई असू शकते. म्हणून मी तिला सांगितलं की आईकडं बघू नकोस, पिल्लाच्या पोटाकडं बघ.

पुन्हा नराला लावताना

चार नंबरला पंधरा दिवस विश्रांती दिली. दरम्यान चौघींची वजनं केली. मी वयापेक्षा वजनाला जास्त मानते. न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला जातीची मादी पाच-सहा महिन्यांची झाली की लावता येते असं म्हणतात, पण खुराक कमी पडलेली सहा महिन्यांची मादी अजून अंगानं पोरच असते. माझ्या हिशेबानं तीन किलोच्या आत लावायची नाही. एक, तीन आणि चार नंबर तीन किलोच्या वर भरल्या. दोन नंबर अडीचच्या आसपास होती, तिला थांबवलं. भावाला ते रुचलं नाही, कारण पिल्लं परत विकत घेतो असं सांगून ज्यानं हे ससे दिले होते त्याचा फोन लागेनासा झाला होता आणि भावाला लवकर पैसे मोकळे करायचे होते. मी ठाम राहिले.

तिघींना एकाच दिवशी लावायचं हे मात्र माझं म्हणणं होतं, आणि या सगळ्या प्रकरणात उपयोगी पडलेला निर्णय कुठला विचाराल तर हाच. एकटी पहिलारू व्याली आणि तिला दूध आलं नाही, तर पिल्लांना दुसरी आई नसते. गाईचं, शेळीचं दूध ड्रॉपरनं पाजून वाचवलेली पिल्लं मी पाहिलीत, पण बोटांवर मोजण्याइतकी. सशीच्या दुधात स्निग्धांश बारा टक्क्यांच्या आसपास आणि प्रथिनंही जवळपास तेवढीच असतात. गाईच्या दुधाच्या तिप्पट. वरून दूध नाकात जाऊन पिल्लू गुदमरतं ते वेगळंच. दोन-तीन माद्या एक-दोन दिवसांच्या फरकानं व्याल्या, तर पिल्लं इकडची तिकडं करता येतात.

१६ नोव्हेंबरला सकाळी तिघींना एकेक करून नराच्या पिंजऱ्यात नेलं. नराला मादीकडं न्यायचं नाही, ती आपल्या जागेसाठी भांडते. संध्याकाळी पुन्हा एकदा दाखवल्या. सशीचं बीज नर लागल्यावरच सुटतं, साधारण दहा-बारा तासांनी, त्यामुळं माजाची वाट बघत बसावं लागत नाही.

तेराव्या दिवशी मी पोट तपासायला गेले. मादीला सपाट जागेवर ठेवून एका हातानं खांदे धरायचे आणि दुसरा हात पोटाखाली, मागच्या पायांच्या पुढं, हलकेच सरकवायचा. बोराएवढे मऊ गोळे बोटांखालून निसटतात. लेंड्याही हाताला लागतात, पण त्या कडक आणि पाठीच्या कण्याकडं असतात. एक आणि चार नंबर नक्की गाभण होत्या. तीन नंबरचा मला अंदाज येईना, पण दाबून बघणं मी टाळलं. जोर लावला तर गर्भ जातात.

गाभणपणात भावजयीचा हात सैल होता. भाकरी, कोबीचा पाला, गूळ. गाभण मादीला प्रेमानं खाऊ घालायचं हे आपल्याकडं अंगवळणी पडलेलं. पण लठ्ठ झालेल्या सशीला व्यायच्या सुमारास अंगातली चरबी बाधते. ती खाणं सोडते आणि दोन दिवसांत दगावू शकते. म्हणून रोज दीडशे ग्रॅम गोळी पेंड, मूठ-दोन मूठ लसूणघास, आणि वाळलेलं गवत हवं तेवढं, असं ठरवलं. भाकरी बंद.

पेटी, आणि तिची वेळ

पेटी सुताराकडून करून घेतली, जुन्या प्लायवुडची. लांबी १८ इंच, रुंदी आणि उंची १२ इंच, पुढची कड सहा इंचांवर कापलेली. मादीला सहज उडी मारता यावी आणि पिल्लं सहज बाहेर पडू नयेत, हा मधला हिशेब. फार मोठी पेटी केली तर मादी तिथंच लोळत बसते आणि पिल्लं चिरडतात. तळाला चार भोकं, ओल खाली जायला. त्यावर रंध्यातून निघणारी लाकडाची सालपटं बोटभर. करवतीचा बारीक भुसा नाही, तो नाकात जातो. त्यावर भाताचा पेंढा, हातानं चोळून मऊ केलेला, पेटी भरून. मागच्या बाजूला मुठीनं दाबून एक खळगा. कापूस, चिंध्या, गोणपाट काही नाही, कारण त्यांचे दोरे पिल्लाच्या पायाला किंवा मानेला गुंडाळतात.

अठ्ठाविसाव्या दिवशी, १४ डिसेंबरला, पेट्या आत गेल्या. जिथं मादी मुतते त्याच्या समोरच्या कोपऱ्यात. कुत्रा दुसरीकडं हलवला. पिंजऱ्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, कारण लाल मुंग्या एका रात्रीत अख्खं वेत संपवतात आणि हिवाळ्यात त्या येत नाहीत या भरवशावर राहू नये. वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री लावली.

थंडी ही माझीही कच्ची बाजू होती. मी फलटणकडं अकरा वर्षं ससे पाळते. आमच्याकडं लढाई उन्हाशी. एप्रिल-मेमध्ये नर बत्तिशीच्या वर तापमान गेलं की नापीक होतो, माद्या धापा टाकतात, पेटीतले केस उलट काढून कमी करावे लागतात. वाईकडच्या डिसेंबरातल्या पहाटे काय करतात, ते मी धोमच्या काठावर शिकले. आदल्या दिवशीच एसटीनं येऊन राहिले.

तीन रात्री

१६ तारखेच्या दुपारी एक नंबरनं तोंडात पेंढा धरून फेऱ्या मारायला सुरुवात केली, दोन्ही बाजूंनी मिशीसारखा लोंबणारा. संध्याकाळी छातीचे, पोटाचे केस उपटून खळग्यात भरले. पहाटे व्याली. सहा पिल्लं, त्यातलं एक मेलेलंच जन्मलेलं. बाकी पाच केसांच्या ढिगाखाली एकमेकांना चिकटून, वरचे केस श्वासानं हलत होते. मेलेलं काढलं, वारेचे तुकडे आणि ओला पेंढा काढला, मादीसमोर ताजं पाणी आणि लसूणघासाची काडी ठेवली, आणि बाजूला झालो.

चार नंबरकडं सगळ्यांचे डोळे. तिनं पेंढा गोळा केला पण केस उपटेना. १७ला सकाळी नऊच्या सुमारास, आम्ही चहा घेत असताना, ती पेटीत शिरली. अर्ध्या तासात सहा पिल्लं, सगळी जिवंत, सगळी पेटीत, आणि अंगावर एक केस नाही. भावजय म्हणाली, "मागच्यासारखंच होणार." मी मादीला मांडीवर घेतलं. व्यायच्या सुमारास पोटावरचे केस मुळातून सैल झालेले असतात, चिमटीनं ओढले तरी तिला दुखत नाही. सडांभोवतीचे केस काढले, त्यानं सडही उघडे पडले आणि पिल्लांना तोंड लावायला जागा झाली. तेवढे पुरेनात, म्हणून एक नंबरच्या पेटीतले मूठभर आणले. पिल्लांना थरथरून ऊब आणता येत नाही. मानेजवळच्या चरबीच्या साठ्यावर आणि एकमेकांना बिलगून ती तग धरतात. घरट्यात बत्तीस ते पस्तीस अंशांची ऊब लागते, आणि केस हेच त्यांचं गोधडं.

तीन नंबर १७ला व्याली नाही. १८लाही दिवसभर नाही. एकतीस दिवस झाले की बहुतेक माद्या मोकळ्या होतात. तेहेतिसावा उजाडला असता तर मी पशुवैद्यकांना बोलावणारच होते. कळा आणण्याचं इंजेक्शन स्वतः टोचायचं नाही, हे मी इथं मुद्दाम लिहिते, कारण तसं करून आई आणि पिल्लं दोन्ही गमावलेली माणसं मला माहीत आहेत.

१९ला पहाटे पाचला शेडमध्ये गेलो तर तीन नंबर व्यालेली. पेटीत पाच. जाळीवर चार, निळसर, गार. भावजयीच्या तोंडातून शब्द फुटेना.

जाळीवरच्या चारातली दोन कडक झालेली होती. दोन मऊ होती, पण हालचाल नाही. गार पिल्लू मेलं असं धरायचं नाही. ऊब देऊनही हललं नाही तरच मेलं म्हणायचं. वाटीत कोमट पाणी घेतलं, कोपर बुडवून सोसेल इतकंच गरम, आणि पिल्लू मानेपर्यंत बुडवून धरलं, नाक वर. पाच मिनिटांनी काढून फडक्यानं कोरडं केलं. एक वीसेक मिनिटांत तोंड उघडून आ करायला लागलं. दुसरं तसंच. मी दोनदा पाणी बदललं, अर्धा तास गेला, आणि खरं सांगते, मी ते खाली ठेवलं.

आईनं ते उचललं. पदराखाली, छातीशी धरून चुलीपुढं बसली. कुणाशी बोलली नाही. सातच्या पुढं तिनं मला हाक मारली. पिल्लाचा मागचा पाय तिच्या तळव्यावर झटकत होता.

दोन्ही पिल्लं पूर्ण गरम झाल्यावरच पेटीत ठेवली. गार पिल्लाच्या तोंडात दूध घालण्याची घाई अनेक जण करतात. त्याला गिळताही येत नाही आणि पचवताही येत नाही. आधी ऊब, मग आई.

असा हिशेब झाला: एक नंबरची पाच, चार नंबरची सहा, तीन नंबरची सात. अठरा जिवंत.

सुरकुतलेली पोटं

१८च्या सकाळी, म्हणजे तीन नंबर व्यायच्या आदल्या दिवशी, एक नंबरची पिल्लं ताडगोळ्यासारखी टम्म होती. चार नंबरची सहाही पोटं आत गेलेली, कातडीला सुरकुत्या. हात घातला की ती डोकी वर करून उड्या मारत होती. भरलेलं पिल्लू हात लागला तरी झोपेतच राहतं. उड्या मारणारं पिल्लू उपाशी असतं.

मादीला दूध होतं. सड दाबून पाहिलं, थेंब आला. ती पेटीतच जात नव्हती. तिला पिल्लांची भीती वाटत होती असंच मला दिसलं. पेटीच्या कडेला येऊन वास घ्यायची आणि मागं फिरायची.

मग आम्ही तिला पाजायला शिकवलं. पहाटे सहाला, कारण सशी सहसा रात्री किंवा पहाटे पाजते. भावजयीनं तिला उचलून पेटीत ठेवलं, एक हात पाठीवर, एक डोळ्यांवर. दाब नाही, नुसता हात. पिल्लांना काही शिकवावं लागत नाही. सशीच्या दुधाला एक खास वास असतो, तो आला की पिल्लू सेकंदांत सड शोधतं. २००३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी त्या वासातलं नेमकं रसायनही ओळखलं. पहिल्या वेळी मादीनं दोन मिनिटांत उडी मारली. संध्याकाळी पुन्हा ठेवली, तेव्हा चार मिनिटं बसली. दुसऱ्या दिवशी भावजयीनं डोळ्यांवरचा हात काढला. तिसऱ्या दिवशी नुसती शेजारी बसली.

पण तेवढ्यात सहांपैकी दोन फार मागं पडली होती. आणि इथं एक निर्णय मी भावजयीच्या मनाविरुद्ध घेतला. तिला ती दोन अशक्त पिल्लं एक नंबरकडं द्यायची होती. मी त्यातली सगळ्यात धट्टीकट्टी दोन दिली आणि अशक्त आईपाशी ठेवली. नव्या घरात धक्काबुक्की सोसून सड पकडायचा असतो. ते जोरकस पिल्लूच करू शकतं. इकडं चारच उरल्यामुळं अशक्तांना सड मोकळे मिळाले. पिल्लं हलवताना एक नंबरला पिंजऱ्याबाहेर चरायला सोडलं, पिल्लांना तिच्या केसांत घोळलं, तिच्या पिल्लांच्या मधोमध ठेवलं आणि अर्ध्या तासानं तिला आत घेतलं. तिनं वास घेतला आणि पाणी प्यायला गेली.

अशक्त दोघांपैकी एक तिसऱ्या दिवशी गेलं. माझ्या निर्णयानं ते गेलं का, हा प्रश्न भावजयीनं विचारला नाही. मी मात्र त्यावर विचार करत राहिले, आणि पुन्हा वेळ आली तरी हेच करीन असं वाटतं.

चौथ्या दिवशी सकाळी चार नंबरच्या तिन्ही पिल्लांची पोटं पांढरी होती आणि आम्ही तिला पेटीत ठेवलेलं नव्हतं. भावजय फोटो काढायला धावली. तो फोटो अजून तिच्या फोनवर पहिला आहे.

पुढचे दिवस

मी २२ला परतले. पुढचं भावजयीनं केलं. रोज सकाळी पिल्लं मोजायची, पोटं बघायची, मेलेलं किंवा ओलं काही असेल तर काढायचं, केस पुन्हा वर ओढायचे. तिनं वहीत तीन रकाने आखले आणि फक्त "भरलं" किंवा "रिकामं" लिहीत गेली.

खुराक तिसऱ्या दिवसापासून हळूहळू वाढवला, दुसऱ्या आठवड्यात दीडशेचे अडीचशे ग्रॅम. दूध तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला सर्वांत जास्त असतं. त्या काळात पाजणारी मादी दिवसाला लिटरभर पाणी सहज पिते, म्हणून भांडं काढून न उलटणारी जड मातीची कुंडी ठेवली. सड रोज चाचपायचे. एखादा कडक, गरम, निळसर लागला तर ती दगडी, म्हणजे सडाची सूज, आणि मग डॉक्टरच.

सहाव्या दिवशी तीन नंबरचं एक पिल्लू गेलं. सडाला घट्ट धरलेलं असताना आई उडी मारून बाहेर आली आणि पिल्लू तिच्याबरोबर ओढलं गेलं, जाळीवर पडलं. सशीला पिल्लू तोंडात धरून परत नेता येत नाही, मांजरीसारखं. पडलं की पडलं. त्यानंतर भावजयीनं पेटीच्या पुढच्या कडेवर दोन इंचांची पट्टी ठोकून घेतली, आणि रात्री झोपायच्या आधी एक फेरी वाढवली.

आठवड्यात पिल्लांच्या अंगावर लव आली आणि वजन जन्माच्या दुपटीच्या पुढं गेलं. दहा-अकराव्या दिवशी डोळे उघडायला लागले. तीन नंबरच्या दोघांचे बाराव्या दिवशीही चिकटलेले होते. भावजयीचा घाबरून फोन आला. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून हलकेच पुसायला सांगितलं, जोर न लावता. दुसऱ्या दिवशी उघडले. ते तसेच राहिले असते तर आत पू साचून डोळा जातो. त्यातलं एक पिल्लू आईनं चुलीपुढं वाचवलेलं होतं. त्याला घरात सगळे ओळखत, कारण त्याचा एक कान टोकाला काळवंडून गळाला होता.

अठराव्या दिवशी पिल्लं पेटीबाहेर यायला लागली आणि आईच्या गोळी पेंडीत तोंड घालायला लागली. एकविसाव्या दिवशी पेट्या काढल्या. ओला पाला इतक्या लहानांना देऊ नको, हे मी तीनदा सांगितलं. कोवळ्या पोटाला तो बाधतो आणि ढाळ लागली की एका दिवसात पिल्लू जातं. २१ जानेवारीला, पस्तिसाव्या दिवसाच्या आसपास, सोळा पिल्लं आयांपासून वेगळी केली. सहाशे ते सातशे ग्रॅमची.

भावाचं म्हणणं होतं की आता तरी चार नंबर काढावी, तिच्यापाशी शेवटी तीनच राहिली. माझं मत असं की मादीला नीट मांडणी असलेली दोन वेतं मिळाल्याशिवाय तिच्यावर शिक्का मारू नये. लक्ष्मीपूजनाचं वेत मी तिच्या नावावर धरतच नाही. भावजयीनं माझ्या बाजूनं मत दिलं आणि विषय संपला.

दोन नंबर तोवर तीन किलोची झाली होती. २५ जानेवारीला तिला आणि चार नंबरला बरोबरच लावलं. या वेळी मला यायला जमलं नाही. महाशिवरात्रीच्या सकाळी भावजयीचा फोन आला. दोन नंबरची सात, चार नंबरची आठ. सगळी पेटीत.

"आणि केस?" मी विचारलं.

"रात्रीच उपटले तिनं, आक्का. छाती पार उघडी केलीय. पिल्लं दिसतसुद्धा नाहीत, एवढे घातलेत."

पोटं बघितलीस का, असं मी विचारणार होते, तेवढ्यात वहीची पानं उलटल्याचा आवाज आला आणि ती मोजून सांगायला लागली.